पेठेचा फुटबॉल: कोल्हापुरात तो का टिकला आणि दुसऱ्या गावाने त्यातून काय घ्यावे

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी क्रीडाशिक्षक असलेल्या एका सरांनी मला प्रश्न विचारला आहे. त्यांच्या शाळेचे मैदान चांगले आहे, गोलपोस्ट पक्के आहेत, गेली दोन वर्षे त्यांनी हौसेने फुटबॉल स्पर्धा भरवली, बक्षिसाची रक्कमही गावाच्या मानाने मोठी ठेवली आणि बाहेरगावचे संघही आले. परंतु सामने बघायला राखीव खेळाडू आणि आयोजक यांच्यापलीकडे फारसे कोणी थांबले नाही. कोल्हापुरात मात्र कामाच्या दिवशी, उन्हाच्या वेळी, दोन स्थानिक संघांच्या साखळी सामन्याला हजारो माणसे स्टेडियमवर येतात. हे राजाश्रयामुळे घडले की पैशामुळे, आपल्या गावात असे काही उभे करायचे असेल तर सुरुवात कशापासून करावी, आणि मैदानाला प्रेक्षकगृह बांधून घेतल्यास उपयोग होईल का, असे त्यांनी विचारले आहे. मी चौदा हंगाम पेठेच्या संघातून बचावफळीत खेळलो, त्यानंतर काही वर्षे पंच म्हणून शिट्टी वाजवली आणि आता रोज सकाळी मुलांना शिकवतो. त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देतो.

सर, निष्कर्ष आधी सांगतो, म्हणजे पुढची फोड समजायला सोपी जाईल. कोल्हापूरकर फुटबॉल बघायला येतो हे अर्धेच खरे आहे. तो आपली तालीम, म्हणजे आपल्या पेठेची व्यायामशाळा आणि तिच्याभोवती जमलेले मंडळ, बघायला येतो. त्या दिवशी तालीम फुटबॉल खेळत असते, एवढेच. तुमच्या स्पर्धेत संघ होते, पण त्या संघांना आपले म्हणणारे गावात कोणी नव्हते. ही उणीव बक्षीस वाढवून भरून निघत नाही, कारण बक्षिसामुळे संघ येतात, प्रेक्षक येत नाहीत.

राजाश्रयाचा भाग नाकारण्यात अर्थ नाही. राजर्षी शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले आणि त्यांच्या कारकिर्दीत कोल्हापूरच्या कुस्तीला जे दिवस आले ते सर्वांना ठाऊक आहेत. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचे कलोझियम पाहून त्यांच्या मनात तशा आखाड्याची कल्पना आली आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले, ही हकिकत आमच्याकडे शाळकरी मुलगाही सांगतो. पेठेपेठेत तालमी होत्याच. महाराजांनी त्यांना मान दिला, मल्लांच्या खुराकाची सोय केली आणि तालमीतल्या पोराला गावात प्रतिष्ठा मिळवून दिली. फुटबॉल संस्थानच्या काळातच शहरात आला, त्यालाही राजघराण्याने पाठबळ दिले, आणि स्थानिक फुटबॉलचा कारभार पाहणारी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आमच्या बोलण्यातली ‘केएसए’, आजही छत्रपती घराण्याच्या आधाराने चालते. खासबाग, हत्तींच्या झुंजीसाठी बांधलेली साठमारी आणि आजचे शाहू स्टेडियम ही तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. दुपारी शाहू स्टेडियमकडे निघालेल्या माणसाचे आजोबा त्याच रस्त्याने कुस्त्या बघायला गेलेले असतात.

तरीही राजाश्रय मिळालेले खेळ इतरही होते, आणि त्यातले सगळे काही पेठेत उतरले नाहीत. फुटबॉल उतरला याचे कारण, माझ्या मते, कुस्तीच्याच अर्थकारणात दडलेले आहे. मल्ल घडवायचा म्हणजे दूध, तूप, बदाम, मटण यांचा रोजचा खर्च आला, आणि एवढा खर्च करून वर्षाकाठी पेठेची लाज राखणारे एक-दोनच गडी तयार होत. फुटबॉलला एक चेंडू लागे आणि अकरा पोरे लागत. शिवाय कुस्तीत पेठेची इभ्रत एका माणसाच्या पाठीवर असते, तो चितपट झाला की खेळ खलास. फुटबॉलमध्ये तीच इभ्रत अकरा घरांत वाटली जाते आणि दीड तास टांगणीला लागते. राखीव धरले तर वीसएक घरे झाली. एवढ्या घरांचे मामा, काका, आत्याची मुले आणि शेजारी मोजले की स्टेडियमचा एक कोपरा आपोआप भरतो.

संघांची नावेच पाहा. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, जुना बुधवार पेठ तालीम. यातल्या एकाच्याही नावात फुटबॉल हा शब्द मुळात नाही, कारण फुटबॉल हे या मंडळांच्या अनेक कामांपैकी एक काम आहे. आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेला पंचगंगेचे नवे पाणी घेऊन ‘पी ढबाक’ वाजवत जायचे असते, ते तालीम करते. मोहरममध्ये पंजे बसतात तेही तालमीत, आणि बाबूजमाल तालमीत तर गणपती आणि पंजे यांचे सख्य कोल्हापूरला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. गणपतीची वर्गणी, विसर्जनाची मिरवणूक, शिवजयंती, कोणाच्या घरी मयत झाली तर तिरडीच्या सामानापासून पुढचे सगळे, आणि २०१९ सारखा महापूर आला तर पाण्यात उतरून म्हाताऱ्यांना बाहेर काढणे, हे सर्व तीच पोरे करतात. दिवाळी सरली की तीच पोरे बूट बाहेर काढून चिखल झटकतात. ज्या पोराने पुराच्या पाण्यातून आजीला खांद्यावरून आणले, तो डाव्या बगलेतून चेंडू घेऊन निघाला की आजी टीव्हीवरची मालिका सोडून स्टेडियमच्या गॅलरीत का येते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

शब्दकोशात तालीम म्हणजे व्यायामशाळा. आमच्या तालमीचे दार ठेंगणे आहे. आत जाताना मान वाकवावीच लागते, आणि वस्ताद म्हणायचे की ते तसेच बांधले आहे. आत डावीकडे कुस्तीचा हौदा आहे. ताक, तेल, हळद घालून मळलेल्या लाल मातीचा वास अजून येतो, जरी आता हौद्यात उतरणारी पोरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. समोर मारुती, त्याच्या बाजूला ढाली आणि चषक, काही इतके जुने की पितळ काळे पडून त्यावरची अक्षरे बोटाने चाचपावी लागतात. उजव्या भिंतीला खिळ्यांची ओळ आणि प्रत्येक खिळ्याला बुटांचा एक जोड. मी पहिल्यांदा पहिल्या संघात आलो तेव्हा मला जर्सीआधी खिळा मिळाला. माझ्याआधी तो ज्याचा होता त्याचा गुडघा गेला होता. त्यानेच माझे बूट त्यावर टांगले आणि काही न बोलता बाहेर कट्ट्यावर जाऊन बसला. पुढची चौदा वर्षे मी वाईट खेळलो की तो कट्ट्यावरूनच सांगायचा, आणि ते प्रशिक्षकाच्या सांगण्यापेक्षा जास्त लागायचे.

आता सामन्याच्या दिवसाबद्दल. चारचा सामना असेल तर तीनच्या आधीच मिरजकर तिकटीच्या बाजूने पोरांचे घोळके यायला लागतात. स्टेडियमच्या दाराबाहेर हलगीवाले रद्दी पेटवून तिच्यावर हलगीचे तोंड शेकत असतात. चामडे तापून ताणले की आवाज चढतो, आणि मध्यंतरात तो पुन्हा उतरतो म्हणून जाणता हलगीवाला खिशात वर्तमानपत्राची घडी ठेवूनच आत येतो. आत गेल्यावर कोणी जागा विचारत नाही, कारण कोणत्या तालमीचे लोक कोणत्या बाजूला बसतात हे ठरलेले आहे. म्हातारी मंडळी वरच्या पायऱ्यांवर, सावलीच्या अंदाजाने. सामना सुरू झाला की त्यांच्या तोंडी येणारी भाषा निम्मी कुस्तीची असते: बचावपटूने अंगावर घेतले की ‘पट काढला’, गोली चकला की ‘चितपट’. दुसऱ्या दिवशी सकाळी स्थानिक वर्तमानपत्रांत ‘पूर्वार्धात खोलवर चढाया’, ‘सोपी संधी दवडली’ अशा भरगच्च बातम्या, फोटो आणि खेळाडूंची नावे. पोराचे नाव पेपरात छापून येते, घरच्यांना ते कापून ठेवता येते, याची किंमत तुमच्या रोख बक्षिसापेक्षा जास्त आहे. तुमच्या गावच्या वार्ताहराला स्पर्धेच्या उद्घाटनाला बोलावू नका, तिथे तो पाहुण्यांचीच नावे लिहील. त्याला उपांत्य सामन्याला बोलावा आणि संघांची यादी हातात द्या.

या सगळ्याला आमच्याकडे एकच शब्द आहे, ईर्षा. प्रमाण मराठीत तो दुर्गुण आहे. कोल्हापुरात ‘ईर्षेने खेळला’ ही स्तुती आहे. समोरच्या पेठेत आपली सोयरीक असते, त्यांच्या दुकानातून आपण किराणा आणतो, आणि दीड तास त्यांना हरवण्यासाठी जीव टाकतो. विश्वचषकाच्या वर्षी हीच ईर्षा ब्राझील आणि अर्जेंटिना यांच्या नावाने चौकाचौकांत फलकांवर चढते, गल्ल्या रंगतात. बाहेरून आलेल्या पत्रकारांना ते फार गमतीदार वाटते आणि कोल्हापूरचे फुटबॉलवेड म्हणून ते त्याचेच फोटो काढतात. खरे वेड एप्रिलच्या उन्हात, कोणताही कॅमेरा नसताना, साखळी सामन्याला बसलेले असते.

तुमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळापत्रक. आमच्याकडे हंगाम साधारण दिवाळीनंतर उभा राहतो आणि मृगाच्या तोंडावर संपतो. आधी खेळाडूंची नोंदणी होते. कोणता खेळाडू कोणत्या तालमीकडे सही करणार यावर पानपट्टीपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत चर्चा चालते, आणि एखाद्याने पेठ सोडून दुसरीकडे सही केली तर घरच्यांना लग्नकार्यात टोमणे ऐकावे लागतात. मग वरिष्ठ गटातील सोळा संघांची साखळी, आणि तिच्यापाठोपाठ वेगवेगळ्या चषकांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धा. म्हणजे एकच संघ हंगामभरात तोच प्रतिस्पर्धी दोन-तीन वेळा पाहतो. नोव्हेंबरात हरलेल्याला मार्चमध्ये फेड करायची संधी असते आणि मधले चार महिने त्याला बोलायला विषय असतो. तुमची स्पर्धा चार दिवसांत संपते, सर. चार दिवसांत वैर तयार होत नाही आणि मैत्रीही होत नाही. सहा संघ घ्या, पण रविवारचा एक सामना धरून दोन-तीन महिने चालवा. खर्च तेवढाच येईल.

पैशाच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला पुण्याचे उदाहरण पुरेसे आहे. पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाला, आय-लीग या देशपातळीवरच्या साखळीत चांगला खेळला आणि २०१५ मध्ये बंद झाला. भारत एफसी आय-लीगचा एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम आय-लीगमध्ये होता. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर आला आणि २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. या संघांकडे प्रशिक्षक होते, परदेशी खेळाडू होते, बालेवाडीसारखे स्टेडियम होते, आणि तिथे काम केलेल्या माणसांनी प्रामाणिकपणे काम केले, हे मी जवळून पाहिले आहे. पण मालकाचा हिशेब जुळेनासा झाला त्या दिवशी संघ संपला, कारण तो बंद पडू नये म्हणून दारोदार वर्गणी मागत फिरणारे कोणी नव्हते. आमच्या तालमी इतक्या वेळा कंगाल झाल्या आहेत की त्याची मोजदाद नाही. पावती पुस्तक छापायचे आणि गल्लीत फिरायचे, एवढाच त्यांचा वित्तीय आराखडा. गोव्यातही २०१६ मध्ये साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग यांनी आय-लीग सोडली तेव्हा गोव्याचा फुटबॉल संपला असे लिहिणारे पुष्कळ होते. पण गावागावांतल्या मैदानांवर वाड्यावाड्यांचे सामने चालूच राहिले. मोठ्या संघांपेक्षा ते मुळात जुने होते.

इथपर्यंत वाचून कोल्हापूरचे सगळे गोमटे आहे असे वाटेल, तर तसे नाही. ज्या आपलेपणाने स्टेडियम भरते त्याच आपलेपणाने दगडही उचलले जातात. सामने थांबले आहेत, प्रेक्षक मैदानात उतरले आहेत, पोलिसांना लाठ्या उगाराव्या लागल्या आहेत, रिकाम्या स्टेडियममध्ये खेळण्याची वेळ आली आहे, आणि याची जबाबदारी तालमींच्या ज्येष्ठांनी घेतली तेव्हाच ते आटोक्यात आले. नुसत्या बंदोबस्ताने आले नाही. मला स्वतःला एकदा पोलिसांच्या गाडीतून घरी जावे लागले. बाद फेरीचा सामना, शेवटची पाच मिनिटे, बरोबरी, आणि मी पेनल्टी दिली. मला धक्का दिसला होता. रात्री कोणीतरी मोबाईलवरचे चित्रण दाखवले, त्यात धक्का नव्हता. फॉरवर्ड स्वतःच्या पायात अडकला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे मी नेहमीप्रमाणे दूध कट्ट्यावर गेलो. आमच्याकडे म्हशी चौकात आणून उभ्या करतात आणि तुमच्यासमोर धार काढून ग्लास हातात देतात. हरलेल्या तालमीचे एक जुने खेळाडू तिथे उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितले आणि म्हणाले, “पंच, शिट्टी चुकली.” मी म्हणालो, “चुकली, दादा.” ते गवळ्याला म्हणाले, “ह्यांस्नी एक ग्लास दे.” त्यानंतर त्या सामन्याचा विषय त्यांनी कधीच काढला नाही. मात्र त्यांच्या तालमीतली तरणी पोरे पुढे दोन वर्षे माझ्याशी बोलत नव्हती, हेही सांगितले पाहिजे.

दुसरा दोष कमी दिसतो आणि जास्त नुकसान करतो. बाविसाव्या वर्षी पेठेचा नायक झालेल्या पोराला बाहेर जावेसे वाटत नाही. चौकात त्याच्या नावाचा फलक असतो, टी-शर्टवर नाव असते, हॉटेलात कोणी बिल घेत नाही. मग अनोळखी गावी, अनोळखी प्रशिक्षकाच्या हाताखाली, पंधराव्या क्रमांकाचा खेळाडू म्हणून कशाला राहायचे? कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला, आणि निखिल कदम कोलकात्याच्या मोहन बागान संघापर्यंत पोहोचला. पेठेपेठेत एवढा खेळ असताना अशी नावे मोजकीच का, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारायला हवा. माझे निरीक्षण असे की बाहेर चमकलेली पोरे बहुधा लहान वयात शहराबाहेर पडली. अनिकेतही पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत गेला तो कोवळ्या वयातच. तालमींचे सगळे लक्ष आणि सगळा पैसा पहिल्या संघावर. ईर्षा वाढली तसे बाहेरगावचे आणि नायजेरियाचे खेळाडूही आणले गेले, शेवटी असोसिएशनला संख्येवर मर्यादा घालावी लागली. त्या मर्यादेच्या बाजूने मी उघडपणे बोललो आहे. परदेशी खेळाडूंकडून आमच्या पोरांनी अंग आडवे घालून चेंडू राखायला शिकले, हे मान्य. पण आघाडीवर सतत भाड्याचा माणूस उभा राहिला की पेठेतला चौदा वर्षांचा फॉरवर्ड बॅक होतो किंवा घरी बसतो. लहान मुलांचा भार शाळांनी उचलला आहे. महाराष्ट्र हायस्कूलसारख्या शाळांनी हे काम इतके निष्ठेने केले की तालमींना निम्मे खेळाडू तयार मिळतात. त्याची जाण तालमींनी ठेवावी तेवढी ठेवलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलींबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यातले श्रेय तालमींचे फार कमी आहे. तालीम ही पिढ्यान् पिढ्या पुरुषांची जागा. मुली खेळू लागल्या त्या शाळांमुळे आणि काही हट्टी शिक्षकांमुळे. माझ्या सकाळच्या वर्गात सध्या नऊ मुली आहेत आणि त्यांतल्या दोघींचा पहिला स्पर्श मुलांपेक्षा चांगला आहे. त्यांच्यासाठी भिंतीवर खिळा कोण ठोकणार, हे अजून ठरलेले नाही. तुम्ही नव्याने सुरू करत आहात, तर ही चूक पहिल्या दिवसापासून टाळता येईल.

तुम्हाला कोल्हापूरपेक्षा गडहिंग्लजचा उपयोग जास्त होईल, असे मला वाटते. आमच्याच जिल्ह्यात, हिरण्यकेशीच्या काठावर, तालुक्याचे गाव. ना राजवाडा, ना मोठे स्टेडियम. तरी तिथला फुटबॉल जुना आणि खोल आहे. गडहिंग्लज युनायटेड एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर दिवाळीत अखिल भारतीय स्पर्धा भरवते. या दिवाळीतच सगळी मेख आहे. पुण्या-मुंबईला, बेंगळुरूला नोकरीला गेलेला गडहिंग्लजकर दिवाळीला घरी येतो, फराळ करून दुपारी मैदानावर जातो, आणि तिथे त्याला शाळेतले सगळे जुने चेहरे भेटतात. सामना हे भेटीचे निमित्त होते आणि भेट हे सामन्याचे. परत जाताना तोच माणूस वर्गणीही देऊन जातो. तुम्ही स्पर्धा दिवाळीनंतर, म्हणजे माणसे परत गेल्यावर भरवलीत. तुमच्या गावची जत्रा केव्हा असते ते मला ठाऊक नाही, पण बाहेर गेलेली माणसे वर्षातून कोणत्या आठवड्यात गावी येतात ते तुम्हाला नक्की ठाऊक असेल; अंतिम सामना त्या आठवड्यात ठेवा, आणि साखळी त्याआधीचे दोन-तीन महिने.

मग सुरुवात कशापासून, या प्रश्नाचे माझे उत्तर असे की संघ बांधू नका, आधीच बांधलेली माणसे शोधा. तुमच्या गावात तालीम नसेल. पण गणेश मंडळ असेल, भजनी मंडळ असेल, लेझीम पथक असेल, वेगवेगळ्या आळ्या असतील, बाजारपेठेतली हमालांची संघटना असेल. जी मंडळी वर्षानुवर्षे एकत्र वर्गणी काढतात आणि हिशेबावरून भांडूनही पुढच्या वर्षी पुन्हा एकत्र बसतात, ती तुमची तालीम. त्यांच्याकडे जा आणि संघ त्यांच्याच नावाने उतरवायला सांगा. ‘टायगर्स’ आणि ‘वॉरियर्स’ अशी नावे अजिबात चालू देऊ नका. टायगर्सचे काका-मामा कोणी नसतात. पहिली दोन वर्षे बाहेरचा एकही खेळाडू घेऊ नये असा नियम करा. दर्जा पडेल आणि लोक हसतील. हसू द्या, कारण हसणारी माणसे मैदानावर उभी असतील. बक्षिसाची निम्मी रक्कम काढून बाहेरच्या तालुक्यातले दोन चांगले पंच आणा, त्यांना जेवण आणि प्रवासखर्च वेळेवर द्या, आणि सामना सुरू होण्याआधी दोन्ही मंडळांच्या ज्येष्ठांना पंचांशी हात मिळवायला लावा. मोठ्यांच्या प्रत्येक सामन्याआधी त्याच दोन मंडळांच्या बारा वर्षांखालील मुलामुलींचा वीस मिनिटांचा सामना ठेवा. त्यासाठी आया येतात, आणि आया आल्या की शिव्या निम्म्याने कमी होतात, हा माझा पंचगिरीतला अनुभव आहे.

सप्टेंबर २०१७ मध्ये राज्यभर एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम झाला होता, तो तुमच्या शाळेतही झाला असेल. त्यावेळचे चेंडू कपाटात असतील तर बाहेर काढा. ब्लॅडर गेले असतील, पण कातडे चांगले असेल तर शिवून घेता येतात.

राहिला प्रेक्षकगृहाचा प्रश्न. आमदार निधीतून पायऱ्या बांधून मिळतील असे तुम्ही लिहिले आहे, पण आत्ता बांधू नका. आधी दोन हंगाम लोक कुठे उभे राहतात ते बघा. सावली कोणत्या बाजूला पडते, चहाची गाडी कुठे लागते, कोणत्या मंडळाचे लोक कोणत्या टोकाला जमतात, हे ठरले की मग तिथेच पायऱ्या बांधा. तोपर्यंत चुन्याची रेषा आणि बांबूला बांधलेली दोरी पुरे. दोरी टचलाइनपासून निदान तीन मीटर लांब असू द्या, नाहीतर थ्रो-इन घेणाऱ्याला मागे सरकायला जागा राहत नाही आणि प्रेक्षक त्याच्या कानात सल्ला देतात. आणि हलगी आणलीत तर वाजवणाऱ्यांना गोलच्या मागे उभे करू नका, मध्यरेषेच्या समोर उभे करा. गोलमागे हलगी वाजू लागली की गोलीला बॅकची हाक ऐकू येत नाही आणि पंचाची शिट्टी कोणालाच ऐकू येत नाही.